जंगलात घोडा न्यायचा तर: वाफसा, लीद आणि बांधायची जागा

विचारणा थोडक्यात अशी आहे. नागपुरात काटोल रोडच्या पुढे मित्राच्या शेतावर सहा घोडे ठेवलेत. दर रविवारी सहा जण झुडपातून तलावापर्यंत रपेट मारतात, घोडे बांधून तिथं चहा-पोहे होतात आणि मग परत. मागच्या महिन्यात वनरक्षकानं अडवलं आणि ‘जंगलाची वाट लावून राहिले तुम्ही’ असं सुनावलं. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं, की याच वाटेनं गावची दीडशे गुरं रोज जातात, बैलबंड्या जातात, ट्रॅक्टर जातो; मग आमच्या सहा घोड्यांनीच जंगलाचं काय घोडं मारलं?

मी सत्तावीस वर्षं घोड्यांत आहे. हिंगण्याच्या बाजूला लहानशी पागा आहे, लोकांना बसायला शिकवतो आणि थंडीत गट घेऊन बाहेर पडतो. त्यामुळं तुमच्या जागी मी अनेकदा उभा राहिलोय, अडवलाही गेलोय. माझं मत असं, की गार्डसाहेब बरोबर आहेत, पण त्यांनी तुम्हाला चुकीच्या ठिकाणी धरलं. मळलेल्या मुरमाड वाटेवरून एका रांगेत, पावलाच्या चालीनं जाणारा घोडा जंगलाचं फारसं बिघडवत नाही. बिघडवतो तो बांधून ठेवलेला घोडा. म्हणजे तुमचा खरा गुन्हा रपेटीत नाही, त्या चहा-पोह्यांत आहे.

गुरांशी तुलना मात्र सोडा. गावची गाय अडीच-तीनशे किलोची, बिननालेची, रमतगमत जाणारी. तुमचा घोडा साडेतीनशे-चारशे किलोचा, वर जीन आणि माणूस मिळून सत्तर-ऐंशी किलो, पायात लोखंडी नाल, आणि दुडकीवर गेला की सगळा भार एका वेळी दोनच टापांवर. शिवाय गुरं पोटासाठी जातात, आपण हौसेखातर जातो. हौसेवाल्यानं जास्त सांभाळायचं, एवढं तरी मान्य करायला हवं.

कायद्याचं लवकर उरकतो. आधी त्या जमिनीचा गट नंबर काढा आणि सातबारा बघा. आपल्याकडं पूर्व विदर्भात ‘झुडपी जंगल’ नावाची एक नोंद असते. लोक तिला पडीक समजून हवं ते करतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनजमिनीच आहेत हे स्पष्ट केलं, तेव्हा ‘इथं तर नुसती काटेरी झुडपं आहेत’ ही सबब आता चालायची नाही. राखीव वन असेल तर परवानगीशिवाय पाय ठेवू नका. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांच्या हद्दीत स्वतःचा घोडा घेऊन जायचा विचारही नको. आणि एक कलम घोडेवाल्यांना सहसा ठाऊक नसतं: वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३३अ. अभयारण्यात आणि त्याच्या भोवतीच्या पाच किलोमीटरमधल्या पाळीव जनावरांचं संसर्गजन्य रोगांविरुद्ध लसीकरण व्हावं, आणि लस न टोचलेलं जनावर अभयारण्यात नेऊ नये, असं त्यात आहे. कायद्यातल्या पाळीव जनावरांच्या व्याख्येत घोडाही येतो.

आता बांधायच्या जागेकडं येतो, कारण मी स्वतः तिथंच चुकलोय.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तलावाच्या काठावर मनगटाएवढ्या जाडीचा पळस होता. मी त्याला घोडी बांधली आणि मंडळींबरोबर डबा खायला बसलो. तासाभरानं परत आलो, तर घोडीनं पुढच्या टापेनं बुंध्याजवळ परातीएवढा खड्डा उकरला होता आणि जमिनीपासून तीन फुटांवर साल चहूबाजूंनी सोलून खाल्ली होती. घोडं कंटाळलं की हे दोनच उद्योग करतं. मी खड्ड्यात माती ढकलली, पायानं दाबली आणि निघालो. पुढच्या होळीला त्याच वाटेनं गेलो, तेव्हा आजूबाजूचे सगळे पळस पेटल्यासारखे फुलले होते आणि माझा पळस वाळून कोळ झाला होता. झाडाचं अन्न सालीखालून मुळांकडं जातं. एका बाजूची साल गेली तर झाड तग धरतं, पण गोल फिरून गेली की मुळं उपाशी मरतात. तिथं गुरं चारणारे एक बाबा बसले होते. ते एवढंच म्हणाले, ‘घोडं चांगलं हाये बापू तुमचं. झाड बी चांगलं होतं.’

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: विसावा वीस मिनिटांचा, आणि तेवढ्यात घोडा बांधायचाच नाही. तीन जण उतरून पाय मोकळे करतात, तिघं सहा घोडे धरतात, मग अदलाबदल. बांधणं टळतच नसेल तर दोन जाड झाडांमध्ये डोक्याच्या वर दोर ताणायचा, दोर झाडाला टेकतो तिथं गोणपाटाची चार बोटं रुंद पट्टी गुंडाळायची, आणि मोहरकीचा दोर त्या आडव्या दोराला, झाडापासून निदान आठ फुटांवर. लगामानं कधीच बांधू नका. घोडा बुजून मागं ओढला गेला तर तोंड फाटतं, नाहीतर लगाम तुटतो. खाली मुरूम किंवा खडक असावा. गवत असेल तिथं बांधलेले सहा घोडे अर्ध्या तासात उकिरडा करून ठेवतात. जागा सोडताना उकरलेलं बुजवा, लीद उचला. चहा-पोहे परतल्यावर शेतावर करा, तिथं चवही जास्त लागते.

लिदीबद्दल लोक लाजतात, म्हणून मीच बोलतो. घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो, आठ-दहा वेळा तरी. ती घाण वाटते ही गोष्ट गौण, सुकून जाईल. खरी पंचाईत तिच्यातल्या बियांची. घोडा रवंथ करत नाही. दाण्यांचं आणि गवताचं काही बी त्याच्या पोटातून दोन-तीन दिवसांनी जिवंतच बाहेर पडतं आणि सोबतीला खत घेऊनच पडतं. रस्त्याकडेचं कापलेलं गवत तुम्ही विकत घेत असाल, तर त्या भाऱ्यात गाजर गवत असणारच. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं, आणि आज देशभर कुठं नाही ते सांगा. जंगलात आधीच रायमुनिया (घाणेरी) माजलीय, तरोटा (टाकळा) आहे, त्यात आपली भर नको. म्हणून रपेटीच्या आधी तीन दिवस घोड्याला फुलावर न आलेली हरळी किंवा निवडलेला कडबा द्या. चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, भरडून द्या आणि हरभरा भिजवून. अख्खे दाणे नकोत.

निघण्याआधी खरारा करायचा तो चकाकीसाठी नव्हे. शेपटीत, आयाळीत आणि पायाच्या केसांत कुसळं, गोखरू, आघाडा अडकलेला असतो. खुरातली माती आकड्यानं काढून टाका, तिच्यातही बी असतं. परत आल्यावर पुन्हा तेच करा. कुसळी गवताची कुसळं ओठांत, हिरड्यांत रुततात आणि चार दिवसांनी घोडा चंदी का टाकतोय हे कळत नाही.

एक जुनी युक्तीही सांगून ठेवतो. घोडा बाहेर निघायच्या उत्साहात पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत लीद टाकतो. तेवढा वेळ त्याला पागेच्या आवारातच फिरवा. पहिला हप्ता घरी पडला तर वाटेवरचा एक कमी.

आणि जंताचं औषध. आपण सगळेच आयव्हरमेक्टिनची पेस्ट देतो. हे औषध बरंचसं लिदीवाटे बाहेर पडतं आणि लिदीतही कीटकांना मारतंच राहतं. जंगलात शेण-लिदीचे गोळे करून जमिनीत पुरणारे भुंगेरे असतात, त्यांच्या अळ्या त्यात मरतात. मला हे कित्येक वर्षं माहीत नव्हतं. एवढंच दिसायचं, की औषध दिल्यानंतरची लीद वाटेवर तशीच वाळते, तिला कोणी भुंगा शिवत नाही. म्हणून पेस्ट दिल्यावर दहा दिवस घोडा जंगलात नेऊ नका आणि त्या दिवसांतली लीद वेगळ्या खड्ड्यात कुजवा. वाटलं तर कॅलेंडरवर लाल फुली मारा, पण पाळा.

रोगाचं एकच सांगतो, सर्रा. घोडमाशीच्या चाव्यातून पसरतो. ताप येतो-जातो, पायांवर आणि पोटाखाली सूज येते, घोडा खंगत जातो. या रोगाचा परजीवी वाघांतही सापडलेला आहे. तेव्हा अंगात कसर असलेला घोडा रानात काढू नका, आणि पावसाळा सरताना रक्त तपासून घ्या. पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे, ‘नागपुरात घोड्याचा डॉक्टर मिळत नाही’ हे रडगाणं मी ऐकणार नाही.

आता जमीन. आपल्याकडं तुमचं खरं भांडण होणार ते काळ्या मातीशी. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे मातीची ओल बेताची झाल्याशिवाय, औत घालत नाही. घोडेवाल्यानं त्याहून निराळं काही शिकायची गरज नाही. वाटेवरची मूठभर माती उचला, दाबा आणि सोडा. ढेकूळ फुटून भुसभुशीत झालं तर निघा. गोळा तसाच राहिला आणि तळहाताला चिकटला तर जीन उतरवा, रविवार असला तरी. निघाल्यावर दुसरी खूण: मागं वळून खुराचा ठसा बघा. बोटाच्या एका पेरापेक्षा खोल रुतला असेल तर परत फिरा. त्या ठशात पाणी साचतं, शेजारचा ठसा त्याला मिळतो, पुढच्या सरीत त्याची चारी होते, आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ झालेला मी पाहिलाय. ‘पोळा अन् पाऊस झाला भोळा’ असं आपण म्हणतो, पण काळ्या मातीनं ही म्हण ऐकलेली नसते. पोळ्यानंतर महिनाभर तरी ती धरूनच ठेवते.

वाटेत एखादंच डबकं आलं, तर सगळे काय करतात? बाजूनं जातात. पहिला डावीकडून, दुसरा त्याच्याही डावीकडून, आणि दिवाळीपर्यंत चार फुटांची वाट बारा फुटांची होते. डबक्यातून सरळ मधून जा. घोड्याचे पाय भिजले तर वाळतील. घोडा पाण्याला बिचकत असेल, तर ते शिकवणं पागेत करायचं काम आहे. दोघा-दोघांनी शेजारी घोडे लावून गप्पा मारत जाणं हेही तसंच. गप्पांसाठी पांदण रस्ते आहेत. खरं सांगू? काटोल-कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागांमधून जाणाऱ्या पांदणींवर दुडकी, रहवाल, हवी ती चाल करा. मला त्या जंगलापेक्षा जास्त आवडतात. फक्त फवारणीच्या दिवसांत धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत घोड्याला ओरपू देऊ नका.

वेळेचा प्रश्न अवघड आहे आणि नागपुरात तो जास्तच अवघड होतो. उन्हाळ्यात घोड्याला सोसतील असे पहाटेचे दोन तास असतात, आणि तेच दोन तास रानातल्या जनावरांचे असतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, पाणवठे आटतात, जिथं थोडं पाणी उरतं तिथं पहाटे सगळ्यांची पाळी लागलेली असते. वर मोह वेचायला आणि नंतर तेंदूपत्त्याला गावातली माणसं अंधारातच रानात शिरलेली असतात. त्या गर्दीत आपण घोडे घेऊन घुसायचं कारण नाही. मी मार्च ते जून जंगल बंद ठेवतो, पावसाळ्यात जमिनीमुळं बंद ठेवतो, आणि दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत जातो. तेही सकाळी आठनंतर. ऊन पडलेलं असतं, जनावरं सावलीला सरकलेली असतात, आणि थंडीत नऊ-दहाच्या उन्हाचा घोड्याला काही त्रास नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हे वेडेपणाचं आहे. सूर्योदयाच्या रपेटीला लोक दुप्पट पैसे द्यायला तयार असतात. असोत.

थंडीतही घोड्याकडं लक्ष हवं. विसाव्याला जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून ठोके मोजा. आरामात उभ्या घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात. वीस मिनिटांनंतरही ६४ च्या खाली आले नाहीत तर घोड्याला हातानं धरून, चालत परत आणा. थकलेला घोडा अडखळतो आणि वाट सोडतो. सर्वसाधारण हिशेब असा, की जीनासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर सत्तर किलो. त्यातले दहा किलो जीनाचे. म्हणजे तुमच्यातल्या दोघांनी तरी मोठा घोडा शोधावा, नाहीतर भात कमी करावा.

तलावाबद्दल वेगळं लिहितो, कारण सगळ्यांचा जीव तिथंच गुंततो. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं आणि सपाट, भेगाळलेला गाळ उघडा पडतो. घोडा भरधाव सोडायला यापेक्षा चांगलं मैदान नाही असं वाटतं, आणि आजकाल त्याचे व्हिडिओही काढतात. पण नेमक्या त्याच दिवसांत टिटवी, चिखल्या, शेकाट्या तिथं जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे काय, तर खळगा आणि चार खडे. मातकट रंगाची, काळे डाग असलेली चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. मी तीन पावलांवर उभा असूनही मला ती दिसली नव्हती. टिटवी डोक्यावरून ओरडत होती, मग समोर येऊन जमिनीवर पंख पसरून उभी राहिली. चारशे किलोच्या जनावरासमोर. घोडीच थांबली, मी नाही. खाली उतरून पाहिलं तर तिच्या पुढच्या टापेपासून हातभर अंतरावर अंडी. टिटवी ओरडत अंगावर येऊ लागली, की आल्या पावली मागं वळायचं, ‘बघू तरी कुठं आहेत’ म्हणून पुढं जायचं नाही.

थंडीत तलावावर हंस आणि बदकं उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात आणि काठावर चरतात. घोड्यावरच्या माणसाला पक्षी थोडं जास्त जवळ येऊ देतात. त्याचा फायदा घेऊ नका. माना वर झाल्या की तिथंच थांबायचं. घोडा पाण्यात घालायचा नाही. पाण्यात पाय पडला की तो हमखास मुततो किंवा लीद टाकतो. बादलीनं पाणी काढून काठापासून पन्नास पावलं दूर पाजा. वन विभागानं बांधलेल्या पाणवठ्याकडं तर फिरकूच नका. काठावर वाढलेली बेशरम घोड्याच्या तोंडात जाऊ देऊ नका, विषारी असते.

रोह्यांच्या (नीलगाईंच्या) कळपामागं घोडा घालणं ही आपल्याकडची आवडती मर्दुमकी. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राण्याला हाकणं, त्याचा पाठलाग करणंही येतं. बंदूक नव्हती म्हणून सुटका नाही. आणि सोबत कुत्रा नेत असाल तर तोही घरी ठेवा.

शेवटी तुमच्या जिवाचं. डुकरांपासून पीक वाचवायला काही जण धुऱ्यावरच्या तारेत चोरून करंट सोडतात. उजाडण्याआधी शेताच्या कडेनं जाणाऱ्या घोड्याला ती तार दिसत नाही आणि तुम्हालाही दिसत नाही. कठडा नसलेल्या विहिरी रायमुनियाच्या आड असतात. वाट सोडायची नाही हा नियम जंगलासाठी आहे तितकाच यासाठीही आहे. बिबट्याचं म्हणाल, तर घोड्याला तुमच्या आधी कळतं. कान एकाच दिशेला रोखून तो जागच्या जागी खिळला तर टाच मारू नका, वळवा आणि पावलाच्या चालीनंच परत या. वाघ मिहानपर्यंत येऊन गेलेला आहे, तेव्हा ‘शहराजवळ काही नसतं’ असं समजू नका.

आता त्या वनरक्षकाकडं जा. पुढच्या रविवारी वाटेत भेटेल तेव्हा नव्हे, या आठवड्यात, मुद्दाम, घोडे घरी ठेवून. सहा घोड्यांची यादी, लसीचे आणि रक्ततपासणीचे कागद, वाटेचा नकाशा, कोणत्या महिन्यांत आणि किती वाजता, एवढं एका अर्जात लिहून आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांच्या नावे द्या, एक प्रत गार्डसाहेबांना. ‘आम्ही काय बिघडवलं’ पासून सुरुवात करू नका. ‘कोणत्या वाटेनं येऊ नको’ हे विचारा. त्याच्या बीटमध्ये कुठं दलदल आहे, कुठं मोराची अंडी आहेत, कुठल्या नाल्यात जाळी वाढलीय हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि त्याला हे सहसा कुणी विचारत नाही. परवानगी नाही मिळाली तर पांदण आहेच.

आमच्या बाजूच्या गार्डनं पहिल्या वर्षी मला दोनदा परत पाठवलं होतं. गेल्या जानेवारीत शनिवारी रात्री त्याचाच फोन आला, ‘सर, उद्या नाल्याकडून नोका येऊ, मादी पिल्लं घेऊन बसून राहिली तिथं.’ आम्ही धुऱ्याधुऱ्यानं गेलो.